थंडीत ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड का होते?

माळव्यात ऐन थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा पहाटे उज्जैनच्या देवास गेटकडे निघालेल्या शेतकरी बंधूंना पॉवर स्टिअरिंग जड लागते, पंप कण्हतो. घाबरू नये, थंडीने तेल दाटते. इंजिन काही मिनिटे हळू चालू ठेवावे. गरम झाल्यावरही जडपणा राहिला, तर भरली ट्रॉली घेऊन रस्त्यावर जाऊ नये, असे आम्ही कळकळीने सांगतो.

तेल कोणते घालावे? ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या तेलाची टाकी वेगळी असते, तर काहींत गिअरपेटीचेच तेल चालते. ब्रेकचे तेल मात्र कधीही घालू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

तेल काळे पडले किंवा जळका वास आला, तर बदलावे. दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे समजावे. वेगळी टाकी असल्यास पुढची चाके उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. इंजिन बंद ठेवून परतीची नळी सोडवावी व जुने तेल काढावे. नळी बसवून नवे तेल भरावे. मग इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवावे. टोकाला दाबून धरू नये. बुडबुडे थांबले, की खुणेपर्यंत तेल भरावे.

आता आरोग्याचे. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाखालचे तेल कातडीत घुसले, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठा. उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते. आणि जुने तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते पाणी आपलीच मुले पितात.