शिवारातील कोल्हा, खोकड आणि रानमांजर

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मुलांकडून पाठ करवून घेतली जाते. परंतु तीत साठविलेले निसर्गज्ञान सांगावयाचे बहुधा राहून जाते. कोल्हा मांसभक्षक खरा. तथापि उंदीर, खेकडे, मेलेले जनावर, बोरे, काकडी, ऊस यांपैकी जे लाभेल त्यावर तो गुजराण करतो. माणसाने रान मोडून शेत केले तरी कोल्हा टिकला, तो मुख्यतः यामुळेच. मुंबईसारख्या महानगराच्या खाडीकाठी, कांदळवनांतही त्याची वस्ती आहे.

अन्नाइतकेच महत्त्व आडोशास आहे. रानमांजर हे पाणथळीकडेच्या उंच गवतात व लव्हाळ्यात रमणारे जनावर. पाटाचे पाणी आले, ऊस उभा राहिला, आणि त्यास तसलेच दाट रान शेतात मिळाले. उसात उंदरांचा सुकाळ. तेच त्याचे मुख्य भक्ष्य. तिसरी गोष्ट वेळेची. माणसांचा वावर विरळ असेल तेथे कोल्हा दिवसाही हिंडतो. गावाजवळ मात्र तो बहुधा रात्रीच बाहेर पडतो. शिवार एकच, दिवस शेतकऱ्याचा, रात्र या प्राण्यांची, अशी जणू वाटणीच झालेली असते.

सर्वांनाच हे सारखे साधत नाही. खोकड म्हणजे कोल्ह्याचे पिलू नव्हे. ते कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांचे व झुपकेदार शेपटीचे निराळे जनावर आहे. उंदीर, टोळ, सरडे, बोरे यांवर ते जगते व शेताच्या बांधालगतही वावरते. परंतु बीळ उकरून पिले वाढविण्यास त्यास मोकळे, आखूड गवताचे माळरान लागते. माळ नांगरला गेला अथवा त्यावर दाट झाडी लावली, की खोकडाचे घर मोडते. ‘ओसाड’ म्हणून हिणविलेला माळ वस्तुतः ओसाड नसतो, हे मुलांस सांगितले पाहिजे.

उसातील आडोसाही कायमचा नव्हे. महिनोन्‌महिने उभा असलेला फड तोडणीत एकदोन दिवसांत मोकळा होतो, आणि पाचटात रानमांजराची पिले उघडी पडतात. मुले ती अनाथ समजून घरी आणतात, गाईचे दूध पाजतात. अशी पिले पुष्कळदा दगावतात. वास्तविक आई जवळच दडलेली असते व अंधार पडल्यावर पिले उचलून नेते. म्हणून पिलांस हात न लावता तेथील तोड थांबवावी, कुत्री दूर ठेवावी आणि वनखात्यास कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ही जनावरे पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. तसेच दिवसाढवळ्या निर्भयपणे अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. त्यापासून मुलांनी दूर राहावे, आणि चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

परिसर अभ्यासाच्या तासास शिक्षकांनी मुलांस सकाळी बांधावर न्यावे. धुळीतील ठशांत नखांच्या खुणा असल्यास तो बहुधा कुत्र्याच्या कुळातील प्राण्याचा. नसल्यास मांजराच्या कुळातील. कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या बिया आढळल्यास त्या काडीने दाखवाव्यात. बोरीचे बी दूरवर नेणारा वाहक तोच. तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हा पाठ झाला, तर पुढे फडात एखादे पिलू दिसताच त्यास उचलण्यासाठी पुढे झालेला हात आपोआप मागे येईल.