रंग अडतो, मीठ निसटते

चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक गावे विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी पितात. जमीन पाणी गाळून देते, असे आपण वर्गात सांगतो. पण ती सारेच गाळते का?

एक प्रयोग करू. तळ कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडात कापूस बसवून ती उलटी धरा आणि थोडी चिकणमाती मिसळलेली वाळू भरा. आधी ऊर्ध्वपातित पाणी ओतून खाली आलेला नमुना वेगळा ठेवा. मग मीठ आणि मिथिलीन ब्लूचे काही थेंब घातलेले पाणी ओता. निळा रंग मातीत अडकतो, खाली जवळजवळ रंगहीन पाणी येते. दोन्ही नमुन्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकले, की दुसऱ्यात दाट पांढरा साका दिसतो. म्हणजे मीठ निसटले!

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. मिथिलीन ब्लूचा धन आयन त्यांना चिकटतो, क्लोराइडचा ऋण आयन पाण्याबरोबर जातो. चंद्रपूरच्या काही गावांत खडकांतूनच पाण्यात उतरणारे फ्लोराइडही असेच ऋण आयन आहे.

सांडपाण्यातील औषधांचेही प्रकार आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन मातीला घट्ट चिकटते. पॅरासिटॅमॉलचे जिवाणू विघटन करतात. अपस्मारावरचे कार्बामॅझेपिन मात्र फारसे चिकटत नाही, लवकर विघटतही नाही. ते दूरवर जाते.

आता निळे पाणी ओततच राहा. शेवटी खालीही निळे पाणी येईल, कारण मातीतील चिकटण्याच्या जागा संपतात. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. 2009 साली तिथल्या विहिरींतही औषधे सापडल्याची नोंद झाली.

त्याच 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले. इथे कोळशाच्या खाणी आहेत. कोळशातील पायराइटचा हवा-पाण्याशी संबंध आला, की सल्फ्युरिक आम्ल बनते. आम्ल पुरेसे असेल, तर कणांना चिकटलेले धातूही सुटून पाण्यात येतात. राजुरा-कोरपना भागातील चुनखडक आम्ल उदासीन करतो खरा. पण त्याच्या भेगांतून पाणी न गाळताच धावते.

म्हणून नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. शाळेच्या हातपंपाचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. मात्र नेहमीच्या तपासणीत औषधे मोजली जात नाहीत. तेव्हा मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत, हे विद्यार्थ्यांना आजच सांगता येईल.