बेसिनच्या नळजोडणीतील सांधे

नवे बेसिन भिंतीवर स्थिर झाल्यानंतर त्यास पाणी पुरविणारा मार्ग हातभर लांबीचाच असतो; तथापि अँगल कॉक, लवचीक कनेक्शन पाइप आणि नळ या अल्प अंतरातील सांध्यांचे धर्म परस्परभिन्न आहेत, आणि गळतीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ हा भेद न ओळखण्यात असते. अँगल कॉक भिंतीत बसतो तेथे पाणी रोखण्याची जबाबदारी आट्यांवरच पडते, म्हणून त्यांवर, आवळण्याच्याच दिशेने, टेफ्लॉनची पट्टी ताणून गुंडाळावी. (१९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना आकस्मिकपणे गवसलेला हा पदार्थ प्रचारात येण्यापूर्वी आपल्याकडील कारागिरांची भिस्त सफेदा व सूत यांवर असे.) याउलट, कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी अडवितो तो तोच, आणि आटे त्यास केवळ दाबून धरतात, तेथे पट्टी निरर्थक ठरते. हा नट हाताने पुरता आवळून नंतर पान्याने पाव फेरा द्यावा, अधिक बळाने वॉशर चिरतो.

गरम पाण्याची जोडणी डावीकडे, थंडाची उजवीकडे.

एक दक्षता मात्र माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि घाईत हमखास वगळली जाणारी : पाइप जोडण्यापूर्वी अँगल कॉकखाली बादली धरून पाणी काही काळ मोकळे वाहू द्यावे, अन्यथा फरशीकामातील वाळू व सिमेंटचे कण नव्या नळाच्या जाळीत जाऊन बसतात. जोडणीनंतर सांध्यांखाली कोरडा कागद ठेवल्यास सूक्ष्म पाझरही तत्काळ दृष्टीस पडतो.