छडीनंतरचा वर्ग

शाळेतील शिस्तीविषयी महाराष्ट्रात होणारी चर्चा बहुधा दोनच टोकांना जाऊन थांबते. एका टोकाला ‘मार बंद झाला आणि मुले बिघडली’ अशी तक्रार असते, तर दुसऱ्या टोकाला एखाद्या शाळेतील मारहाणीची बातमी आल्यावर उसळणारा संताप असतो. या दोहोंच्या मध्ये रोज भरणारा वर्ग असतो. त्यात पन्नास-साठ मुले दाटीवाटीने बसलेली असतात, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते, आणि गैरवर्तन म्हणून जे समोर येते ते बहुतेक वेळा कुजबुज, उशिरा येणे, अपुरा गृहपाठ, बाकाखालची ढकलाढकली, शिक्षकांना उलट उत्तर देणे अशा किरकोळ रूपाचे असते. या किरकोळ गोष्टींना शाळा कसे तोंड देते यावरच वर्षभराचे अध्यापन तरते किंवा बुडते, म्हणून तिकडे लक्ष देणे अधिक गरजेचे आहे.

कायद्याची स्थिती आधी पाहणे इष्ट, कारण तिच्याविषयी शिक्षक आणि पालक दोघांच्याही मनात गोंधळ आढळतो. शाळेच्या वेळात शिक्षक हा पालकाच्या जागी असतो आणि म्हणून पालकाप्रमाणे त्यालाही मुलाला मारण्याचा अधिकार आहे, ही कल्पना भारतीय कायद्यात इंग्रजी कायद्याकडून आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८९ मध्ये, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण होते. छडीचे समर्थन अनेकदा याच आधारावर केले जाई, आणि त्याच अर्थाची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. ज्या इंग्लंडमधून ही कल्पना आली तेथील सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्येच हद्दपार झाली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये, मुख्याध्यापकांना छडी मारण्याची मुभा देणारा दिल्लीतील शाळांचा नियम राज्यघटनेतील समानतेच्या आणि जीविताच्या हक्कांशी विसंगत ठरवून रद्द केला. गोव्याने २००३ च्या बालक अधिनियमातून सर्वच शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी घातली. त्यानंतर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हा ज्याला बोलीत नुसते ‘आरटीई’ म्हणतात तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

या अधिनियमाचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींपासून संरक्षण देते आणि ते मोडणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करावी असे सांगते. महाराष्ट्रातील खासगी शाळांपुरते ते नियम म्हणजे १९८१ ची सेवाशर्ती नियमावली. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली असली, तरी काढून टाकण्यावरील बंदी तशीच राहिली. ‘उद्या वडिलांना घेऊन ये, दाखलाच देतो’ ही स्टाफरूमच्या दारात ऐकू येणारी धमकी त्यामुळे या इयत्तांपुरती पोकळ आहे. अधिनियमातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचे आहे, म्हणजे नववी-दहावीची बरीचशी मुले त्याच्या कक्षेबाहेर पडतात. तेथे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ उपयोगी पडते, कारण ते अठरा वर्षांखालील मुलाशी त्याचा ताबा असणाऱ्या व्यक्तीने क्रूरपणे वागणे हा गुन्हा मानते.

कायदा असा स्पष्ट असला, तरी न्यायालयांचे सूर नेहमीच एक नसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये एका प्राथमिक शिक्षिकेला झालेली शिक्षा रद्द करताना, शिस्त लावण्याच्या हेतूने मुलांना थोडेफार शासन करणे हे प्राथमिक शाळेत घडतेच, त्यामागे गुन्हेगारी हेतू पाहता येत नाही, अशा आशयाचे मत दिले. अशा निकालाचा अर्थ ‘मारण्यास परवानगी’ असा लावला जातो आणि तो चुकीचा आहे. फौजदारी गुन्हा शाबीत न होणे ही एक बाब आहे आणि कलम १७ खाली सेवेतील कारवाई होणे ही अगदी वेगळी बाब आहे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी शारीरिक शिक्षेची व्याप्ती छडीपुरती मर्यादित ठेवलेली नाही. बाकावर उभे करणे, गुडघे टेकवून बसवणे, पायांतून हात घालून कान धरायला लावणे, म्हणजेच आपल्याकडचा ‘कोंबडा’, दप्तर डोक्यावर घेऊन उभे करणे, हे सारे त्यात येते. मानसिक छळात टोमणे मारणे, टोपणनावाने हिणवणे, जातीचा किंवा पालकांच्या व्यवसायाचा उल्लेख करून कमी लेखणे आणि चारचौघांत अपमान करणे यांचा समावेश आहे. या तपशिलाची गरज का होती, हे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे त्यात सांगितले होते.

छडी गेल्यावर तिच्या जागी काय आले, हा खरा प्रश्न आहे. शिक्षकाला काय करू नये याची यादी मिळाली. काय करावे याचे प्रशिक्षण मात्र त्या मानाने फारच थोडे मिळाले. परिणामी वर्गात अपमानाची साधने वाढली, आणि ती दिसायला सौम्य असल्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. शिक्षक कार्यालयात गेले की वर्गप्रमुख खडू हातात घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहितो, पुन्हा बोलल्यास नावापुढे फुली मारतो, आणि शिक्षक परतल्यावर त्या यादीनुसार शिक्षा ठरते. या रोजच्या प्रथेत बारकाईने पाहिले तर बरेच काही दडलेले आहे. आरोप करणारा आणि नोंद ठेवणारा एकच, तोही दहा-अकरा वर्षांचा. त्याच्या मैत्रीतली नावे फळ्यावर चढत नाहीत, भांडणातली आधी चढतात. ज्याचे नाव लिहिले गेले त्याला बाजू मांडायला जागा नसते. मुले यातून शांत बसायला शिकत असतील, पण त्याचबरोबर हातात खडू असलेल्याशी जुळवून घ्यायलाही शिकतात. सबंध वर्गाला सरसकट शिक्षा करण्याची पद्धतही अशीच जुनी आणि अशीच अन्यायाची आहे. शेंगांची टरफले उचलण्यास नकार देणाऱ्या बाल टिळकांची गोष्ट प्रत्येक मराठी शाळेत अभिमानाने सांगितली जाते, आणि तीच शाळा त्याच आठवड्यात एका बाकाच्या गोंगाटासाठी साऱ्या वर्गाची खेळाची तासिका काढून घेते, ही विसंगती शिक्षकांनी मनावर घ्यावी इतकी मोठी आहे.

या पोकळीत उपयोगी पडेल असे संशोधन पन्नास वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील डेट्रॉईट येथील मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी शाळांतील वर्गांचे चित्रीकरण करून त्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९७० मध्ये पुस्तकरूपाने मांडले. मूल चुकल्यावर शिक्षक कसे रागावतात, कडक शब्दांत की समजुतीने, यावर वर्गाची शिस्त अवलंबून असेल अशी त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुरळीत वर्ग आणि गोंधळलेले वर्ग यांतील शिक्षकांच्या रागावण्याच्या तऱ्हांत अर्थपूर्ण फरक सापडला नाही. फरक होता तो गैरवर्तन घडण्यापूर्वीच्या गोष्टींत. वर्गात कोठे काय चालले आहे याचे शिक्षकाला सतत भान असणे आणि ते भान असल्याचे मुलांनाही जाणवणे, ही त्यांतील पहिली गोष्ट. फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या ज्या बाईंना ‘पाठीलाही डोळे आहेत’ असे मुले म्हणतात, त्यांच्याजवळ हेच कौशल्य असते. दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे ही दुसरी, आणि धड्याचा ओघ तुटू न देणे ही तिसरी.

ओघ तुटणे म्हणजे काय, हे अपूर्णांकांच्या तासिकेत सहज दिसते. छेद समान करण्याची पायरी फळ्यावर अर्धी झालेली असताना मागच्या बाकावर कंपासपेटी पडते. शिक्षक खडू ठेवतात, ‘कोणाची ती?’ असे विचारतात, कोणी बोलत नाही, चौकशी लांबते, आणि चार मिनिटांनी फळ्याकडे वळेपर्यंत पायरी साऱ्या वर्गाच्या मनातून निसटलेली असते. पडलेल्या पेटीने जितका व्यत्यय आला नव्हता तितका त्या चौकशीने आला. त्याच ठिकाणी त्या बाकाजवळ जाऊन उभे राहत बोलणे चालू ठेवले, तर मुलाला कळायचे ते कळते आणि उदाहरणही पुरे होते. तपासलेल्या वह्या वाटणे, प्रयोगशाळेतून परतणे, एक विषय संपून दुसरा सुरू होणे या मधल्या मिनिटांतच सर्वाधिक गलका होतो, म्हणून अनुभवी शिक्षक वह्या रांगेनुसार लावूनच वर्गात येतात आणि वाटप चालू असताना मुलांच्या हाती एखादे छोटे काम देऊन ठेवतात. ही कौशल्ये शिकवता येतात. ती कोणाच्या स्वभावावर सोडून देणे बरोबर नाही.

महाराष्ट्रात या संदर्भात साने गुरुजींचे नाव आदराने घेतले जाते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना त्यांच्याकडे छात्रालयही होते, आणि तेथे मुलांना न रागावता त्यांच्या पसारा झालेल्या खोल्या ते स्वतः आवरत, मग मुलेच ओशाळून कामाला लागत, असे त्यांच्या चरित्रकथांतून येते. हा आदर्श थोर आहे, परंतु साठ मुलांचा वर्ग आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची शाळाबाह्य कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून तशा असाधारण त्यागाची अपेक्षा ठेवून व्यवस्थेने स्वतःची जबाबदारी टाळणे योग्य नव्हे. आरटीईने प्राथमिक वर्गांसाठी तीस आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले, ते शिस्तीच्या दृष्टीनेही किती मोलाचे आहे हे क्वचितच बोलले जाते. तीस मुलांच्या वर्गात एका मुलाशी तासिकेनंतर पाच मिनिटे स्वतंत्रपणे बोलता येते, साठांच्या वर्गात ते रोज शक्य होत नाही.

गैरवर्तन गंभीर असेल, म्हणजे मारामारी, सततची दादागिरी, चोरी किंवा मोडतोड झाली असेल, तेव्हा तासिकेतले कौशल्य पुरत नाही. अशा वेळी काही देशांतील शाळा समेटाची पद्धत वापरतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्ह्यांच्या प्रकरणांत मुलाचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती यांना एकत्र बसवण्याची रीत घालून दिली, आणि पुढे तोच विचार ऑस्ट्रेलिया व इतर देशांतील शाळांत गेला. त्यात काय घडले, त्याचा त्रास कोणाला झाला आणि तो भरून कसा काढायचा, हे तीन प्रश्न संबंधित सर्वांसमोर विचारले जातात. खिडकीची काच फोडणाऱ्याने उठाबशा काढल्या तर काच तशीच फुटलेली राहते; शिपाईमामांबरोबर तुकडे गोळा करून, नवी काच बसेपर्यंत पुठ्ठा लावण्यात त्याने हातभार लावला, तर केलेल्या नुकसानीशी त्याचा थेट संबंध जडतो. पद्धत वेळखाऊ आहे आणि ज्याला त्रास झाला त्या मुलावर समेटाची सक्ती होणार नाही याची काळजी तिच्यात घ्यावी लागते, तरीही आपल्या शाळांनी ती करून पाहण्याजोगी आहे.

काही मुलांचे वागणे मुळात गैरवर्तनच नसते. अक्षरे ओळखण्यात मेंदूची अडचण असलेले मूल वाचनाची पाळी टाळण्यासाठी खोड्या काढते, ही गोष्ट ‘तारे जमीं पर’ या २००७ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. अकस्मात बिघडलेले वागणे घरातील हिंसेची, उपासमारीची किंवा शोषणाची खूणही असू शकते, आणि तेव्हा शेऱ्यांनी भरलेली दैनंदिनी पालकांकडे पाठवणे मुलाला आणखी संकटात लोटू शकते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, तो शिक्षकांसाठीही आहे.

पालकांचा भाग शेवटी येतो, पण तो लहान नाही. ‘सर, दोन फटके जास्त द्या, आमची काही हरकत नाही’ असे सांगणारे पालक आजही पालकसभेत भेटतात, आणि त्यांच्या सांगण्यात मुलाच्या भवितव्याची तळमळ असते. परंतु कलम १७ मधील संरक्षण मुलाचे असल्याने पालकांनी सोडले म्हणून ते सुटत नाही. याच पालकांना कायद्याने दुसरी, अधिक परिणामकारक जागा दिलेली आहे. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत आरटीईप्रमाणे जी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. चूक झाल्यावर मुलाशी प्रथम कोणी बोलायचे, मुलाचे म्हणणे कोठे नोंदवायचे, घरी केव्हा कळवायचे, समुपदेशकाकडे केव्हा पाठवायचे आणि मुलाला शिक्षकाविरुद्ध तक्रार असल्यास ती कोणी ऐकायची, हे या समितीने जूनमध्येच एका कागदावर ठरवून वर्गावर्गांत वाचून दाखवले, तर शिक्षकाला रागाच्या भरात निर्णय घ्यावा लागणार नाही आणि मुलालाही पुढे काय होणार हे आधीच माहीत असेल.