ओटा कुठून मोजायचा?

घर बांधायला काढले की सगळ्यांत जास्त प्रश्न कुणाला विचारले जातात? ठेकेदाराला नव्हे आणि इंजिनियरलाही नव्हे. ठेकेदाराची एकाच वेळी तीन ठिकाणी कामे चालू असतात, इंजिनियर आठवड्यातून दोनदा फेरी मारून जातात, आणि घरमालक तर सकाळी डबा घेऊन कामावर गेलेले असतात. मग दुपारी बारा वाजता गवंडी हाक मारतो, "वहिनी, साहेब खिडकीचं काय म्हणाले होते?" आणि वहिनी हातातली कणीक तशीच ठेवून आठवू लागतात.

आठवणीवर बांधकाम चालत नाही, बरं का! घराच्या कामावर माणसे सारखी बदलत असतात. पाया भरणारे गवंडी वेगळे, सेंट्रिंगची टोळी वेगळी, गिलाव्याचे वेगळे. मग वायरमन, प्लंबर, फरशीवाला, सुतार. ज्याला आपण सांगतो तो मुकादम असतो आणि ज्याने काम करायचे तो त्या वेळी पाचव्या शिडीवर असतो. संध्याकाळपर्यंत निरोप अर्धा उरतो. दुसऱ्या दिवशी टोळीच बदलली, तर तोही गेला. सिमेंट वाया गेले तर दिसते. निरोप वाया गेला तर ते भिंत उभी राहिल्यावर कळते.

स्वयंपाकाच्या ओट्याचेच घ्या. उभी राहून काम करणाऱ्या बाईच्या कोपरापासून तीन-चार इंच खाली ओटा असावा, म्हणजे पाठ दुखत नाही. समजा, तुम्ही मापून सांगितले, "तेहतीस इंच". गवंड्याने तेहतीस इंचच घेतला. पण तो मोजला कोब्यापासून! पुढे त्यावर मसाला पडला, फरशी बसली, जमीन दोन-अडीच इंच वर आली आणि ओटा तेवढाच ठेंगणा झाला. यात गवंड्याचे चुकले म्हणाल, तर त्याला माप मिळाले होते, पण कुठून मोजायचे ते नव्हते मिळाले. म्हणून नुसता आकडा कधी सांगू नये. "फरशी झाल्यावर, फरशीच्या वरून, कडाप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या वरपर्यंत तेहतीस इंच" एवढे लांबलचक वाक्य सांगावे. हसले तर हसू देत.

याहून सोपा उपाय गवंड्यांकडेच आहे. पाण्याची नळी लावून ते सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एका पातळीत रेघ मारतात. तयार फरशीपासून ती रेघ किती उंच आहे, हे एकदा इंजिनियरकडून ठरवून घ्यावे आणि प्रत्येक खोलीत रेघेशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. मग ओटा, खिडकीचा खालचा काठ, स्विचचा बोर्ड, बेसिन, सगळे त्या रेघेपासून खाली-वर मोजायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रेघ दिसते. सूचना जिथे काम व्हायचे तिथेच भिंतीवर असली, तर ती शोधायला कुणाला खाली उतरावे लागत नाही.

मापांचीही गंमत आहे. नकाशात असते मिलिमीटर, गवंडी बोलतो इंचांत, आणि सुतार सुतांत! आठ सूत म्हणजे एक इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा सूत साधारण तीन मिलिमीटरचे झाले. नकाशातली २३० ची भिंत म्हणजे नऊ इंची, ११५ ची म्हणजे साडेचार इंची. हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की रोजची निम्मी वादावादी टळते. देवनागरी १ आणि ९ घाईत लिहिले की सारखेच दिसतात. परप्रांतातून आलेल्या कारागिरांसाठी इंग्रजी आकडेच बरे.

हो, वही हवीच. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, दोरीने पेन्सिल बांधलेली. "आता सगळं व्हॉट्सअॅपवर असतं की!" असे तुमची मुलगी म्हणेल. असते, पण लग्नाच्या आमंत्रणांत आणि सुप्रभातात ते सापडत नाही, आणि ज्याने वीट लावायची त्याचा नंबर त्या गटात नसतोच. वहीत तारीख घालावी, काय ठरले ते लिहावे, कुणी ठरवले आणि कुणाला सांगितले तेही लिहावे, आणि ज्याला सांगितले त्याची सही घ्यावी. सही मागितली की माणूस वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगतो. खरा फायदा तोच!

नकाशाचे तर फार जपावे लागते. जिना सरकला, न्हाणीघराचे दार फिरले की नवी प्रत येते. जुनी मात्र कुणाच्या तरी पिशवीत राहते आणि नेमकी तीच कामावर उघडली जाते. नवी प्रत हाती येताच जुन्या सगळ्या परत मागवून त्यांवर लाल पेन्सिलीने आडवे "रद्द" लिहावे. चालू प्रत एका प्लायवूडच्या फळीवर प्लास्टिकखाली लावून कामावर टांगावी. तारीख बघायची सवय मुकादमाला आपोआप लागते.

स्लॅबच्या बाबतीत वहीतल्या तारखेला जिवाचे मोल आहे. स्लॅब पडला त्या दिवशीची तारीख आणि वेळ लिहा. पाणी मारायचे ते किती दिवस? भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सांगितले आहेत. कोरड्या, कडक हवेत हेच १० आणि १४ होतात. आपल्या गावातल्या दुकानात मिळणारे पीपीसी हे मिश्र सिमेंटच, तेव्हा गोणीवरचे नाव वाचून घ्यावे. खालचे टेकू काढण्यालाही मुदत आहे: साध्या सिमेंटसाठी स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, मोठा असेल तर १४; तुळईला १४, आणि ती सहा मीटरहून लांब असेल तर २१. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, त्यामुळे त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण तुमच्या घरासाठीची तारीख इंजिनियरने स्वतःच्या हाताने वहीत लिहिल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नये. वहिनींचे "नको हो" ऐकले जात नाही; सहीचे पान ऐकले जाते.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. मोबाईलचा खरा उपयोग इथे! नळ आणि वायरचे पाइप दिसत असतानाच, शेजारी टेप उघडा धरून. पुढे तुम्ही देवघराचा खिळा ठोकायला जाल तेव्हा ड्रिल पाइपमध्ये जाणार नाही.

आता वहीच्या मागच्या पानांविषयी. तिथे हजेरी असते. बाजाराच्या दिवशी खर्ची दिली की पुष्कळ ठिकाणी पान फाडून टाकतात. ते पान कामगाराच्या फार उपयोगाचे आहे. राज्यात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. त्यात नोंदणी करायला वय १८ ते ६० लागते आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला मदतीच्या योजना आहेत. पण कामगार चार ठिकाणी फिरतो; कुठे वीस दिवस, कुठे तीस. लिहून कुणीच ठेवलेले नसते.

त्यातही बायकांचे दिवस आधी हरवतात. नवरा गवंडी, बायको घमेली उचलणारी, अशी जोडी कामावर असते. मुकादम हजेरीत लिहितो नवऱ्याचे नाव आणि पुढे "जोडी". दिवसभर विटा वाहिल्या तिने, पण कागदावर ती कुठेच नाही! म्हणून हजेरी आपल्या वहीत आपण लिहावी, आणि प्रत्येकीचे नाव वेगळ्या ओळीवर. नाव विचारले की ती आधी लाजून नवऱ्याचे सांगेल. "तुझं गं, तुझं सांग," म्हणावे. आधारकार्डावर जसे आहे तसेच लिहावे. "सखूबाई" आणि "सखुबाई" एवढ्या फरकानेही पुढे अर्ज अडू शकतो. रोज एक उभी रेघ मारायला अर्धा मिनिट लागते. टोळी काम सोडून जाईल त्या दिवशी रेघा मोजून दिवसांचा आकडा, पहिली आणि शेवटची तारीख, कामाचा पत्ता असा कागद ठेकेदाराच्या सहीने जोडीतल्या दोघांना दोन वेगवेगळे द्यावेत, आणि तिचा तिच्या हातात.