भाषणात पहिला, वेळापत्रकात शेवटचा

चीनमध्ये सर्वांत महत्त्वाचा शालेय विषय कोणता, हे सरकारी कागदांवरून ठरवायचं तर मान नैतिक आणि राजकीय शिक्षणालाच द्यावा लागेल. २०१६ मध्ये प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत या विषयाला ‘नैतिकता आणि कायद्याचं राज्य’ असं नाव मिळालं. पुढच्या वर्षापासून भाषा आणि इतिहासाबरोबर त्याचंही पाठ्यपुस्तक देशभर एकच करायला सुरुवात झाली. मार्च २०१९ मध्ये शी जिनपिंग यांनी बीजिंगमध्ये खास या विषयाच्या शिक्षकांची बैठक घेतली आणि राजकीय खंबीरपणा ही त्यांच्याकडून पहिली अपेक्षा सांगितली. विद्यापीठांत साडेतीनशे विद्यार्थ्यांमागे राजकीय शिक्षणाचा किमान एक पूर्णवेळ शिक्षक हवा, असा नियमही आहे. पण प्राथमिक शाळेत पाहावं तर हा विषय अनेकदा भाषेच्या शिक्षकाच्या किंवा वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडलेला असतो. परीक्षा जवळ आली की गणितवाला तास मागून घेतो, आणि नाही म्हणणं अवघड, कारण पालक विचारतात ते गणिताचे गुण. या शिक्षकाची खरी कोंडी विचारसरणीपेक्षा या दुय्यमपणात आहे, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल की हा तर कम्युनिस्ट पक्षाचा भोंगा, त्याची कसली कोंडी? आक्षेप निराधार नाही. २०२१ पासून शी यांच्या विचारांची वाचनपुस्तकंही शाळांत आली आहेत, आणि त्यांवर वर्गात उघड वाद घालायला फारसा वाव नाही. तरी अख्खा विषय घोषणांचा नाही. सहावीचं पहिल्या सत्राचं पुस्तक कायद्यावर आहे, आठवीचं दुसऱ्या सत्राचं संविधानावर. राज्यसंस्थांची रचना तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या गळी उतरवायची तर उदाहरण शिक्षकालाच शोधावं लागतं. हे काम चांगलं करायला तयारीचा वेळ लागतो, आणि तोच वर्गशिक्षकाकडे नसतो. २०२१ च्या ‘दुहेरी भारकपाती’च्या धोरणाने मुलांचा गृहपाठ आणि शिकवण्या कमी केल्या, पण त्याच धोरणातल्या शाळेनंतरच्या सेवेमुळे शिक्षकांचा दिवस लांबला.

परीक्षेत वजन वाढवलं की दर्जा वाढेल, हा दुसरा युक्तिवाद. कनिष्ठ माध्यमिकच्या शेवटी बऱ्याच ठिकाणी या विषयाची परीक्षा होतेच, काही ठिकाणी तर पुस्तक उघडं ठेवून. तास त्यामुळे वाचतो खरा. पण मग शिकवायचं ते काय, तर कोणत्या प्रश्नाला कोणतं पान उघडायचं!