कावीळ यकृताची, धोका मूत्रपिंडालाही

सोलापूर, प्रतिनिधी

डोळे पिवळे दिसू लागले की घरात पथ्याची चर्चा सुरू होते. कोणी गळ्यात माळ घालायला सांगतो, कोणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतो. डॉक्टरांकडे गेल्यावरही सारे लक्ष यकृताकडेच असते. मात्र विषाणूजन्य काविळीच्या काही मोजक्या रुग्णांत मूत्रपिंडेही अचानक काम थांबवतात. वेळीच ओळखल्यास ती बहुधा पूर्ववत होतात. उशीर झाल्यास मात्र डायलिसिसची वेळ येते, प्रसंगी जीवही जातो.

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' हे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात, तर 'बी' आणि 'सी' मुख्यतः रक्तातून. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचे पाणी दूषित होऊन सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. ती साथ 'ई' विषाणूची होती, हे कित्येक वर्षांनंतर स्पष्ट झाले. २०१२ मध्ये इचलकरंजीनेही याच विषाणूची मोठी साथ अनुभवली.

मूत्रपिंडाला इजा कशी होते?

सर्वांत साधे कारण म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. उलट्या होतात, अन्न जात नाही आणि त्यात सोलापूरचा चाळिशी ओलांडणारा उन्हाळा. मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटले की त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागतात. दुसरे कारण बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य. त्याचे प्रमाण फार वाढले की ते या नलिकांत साचून त्यांना इजा करते. काही व्यक्तींत 'जी सिक्स पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असते. अशांना कावीळ झाल्यास तांबड्या पेशी फुटू शकतात आणि त्यातून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला घातक ठरते. यकृत पूर्ण निकामी झाल्यास मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तेव्हा अवयव धड असूनही काम बंद पडते.

तपासणीतील फसगत

काविळीत लघवी गडद पिवळी होतेच; त्यामुळे रंगापेक्षा प्रमाण महत्त्वाचे. प्रौढ व्यक्तीला दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. रक्तातील युरिया यकृतातच तयार होतो. यकृत आजारी असताना तो कमी बनतो आणि मूत्रपिंड बिघडूनही अहवाल ठीक दिसू शकतो. बिलिरुबिन फार वाढल्यास काही चाचणी पद्धतींत क्रिएटिनिनही प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. म्हणून एका अहवालावर विसंबून न राहता पुनःपुन्हा तपासणी करावी लागते.

कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसल्यास लेप्टोस्पायरोसिस व मलेरियाचाही विचार करावा लागतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. या दोन्ही आजारांवर नेमकी औषधे आहेत. निदान चुकले तर ती संधी हुकते.

घरी काय टाळावे?

अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. घटक ठाऊक नसलेले काढे व चूर्णेही टाळावीत. केवळ उसाच्या रसावर दिवस काढणे किंवा कडक उपास करणे अयोग्य. पचेल तसे साधे जेवण आणि पुरेसे द्रवपदार्थ घ्यावेत. अंगावर सूज असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. लघवी कमी होणे, सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा रक्तस्राव दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. गर्भवतींनी तर एक दिवसही वाया घालवू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' विषाणूच्या काविळीने २० ते २५ टक्के महिला दगावू शकतात.

उपचारांपेक्षा प्रतिबंध स्वस्त. उजनी आणि भीमेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या शहराला काही दिवसांआड येणारे पाणी साठवून ठेवण्याची सवय वर्षानुवर्षे लागली आहे. पिण्याचे पाणी उकळून झाकून ठेवणे, पिंपात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आवश्यक आहे. 'ए' आणि 'बी' प्रकारांवर लस उपलब्ध आहे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून, त्याअंतर्गत शासकीय केंद्रांत तपासणी व उपचार मोफत आहेत. डोळ्यांतील पिवळेपणा घरच्यांना आपोआप दिसतो. लघवी कमी झाल्याचे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. काविळीच्या रुग्णाला तो प्रश्न रोज विचारायला हवा.